भिंतीतला प्लग आणि एकस्वाचा दावा

विटांच्या भिंतीत खिळा ठोकायचा प्रसंग तुमच्यावर आला असेलच. पहिल्या दोनचार ठोक्यांत खिळा गिलाव्यात सहज शिरतो. पुढे विटेशी गाठ पडली की तो वाकतो, नाहीतर भोवतालच्या गिलाव्याची खपली निघते. त्यातूनही बसलाच, तर काही दिवसांनी कॅलेंडरसकट खाली येतो. तोच खिळा लाकडी फळीत ठोकला तर उपटायला पक्कड घ्यावी लागते. खिळा तोच, हातोडी तीच. मग हा फरक का पडतो?

लाकूड तंतूंचे बनलेले असते. खिळा आत शिरताना हे तंतू बाजूला सारले जातात आणि मूळ जागी परतण्याच्या धडपडीत खिळ्याला चहूबाजूंनी दाबतात. हा दाब जितका जास्त, तितके घर्षण जास्त. आणि खिळा जागेवर राहतो तो घर्षणामुळेच. वीट आणि सिमेंटचा गिलावा हे पदार्थ ठिसूळ. ते दबून पुन्हा उसळत नाहीत, त्यांचा भुगा होतो. हा भुगा खिळ्याला काय धरून ठेवणार?

यावर कारागिरांनी फार पूर्वीच एक तोड काढली होती. भिंतीतच लाकूड बसवायचे! छिन्नीने चौकोनी खाच पाडायची, तिच्यात लाकडाचा ठोकळा घट्ट ठोकायचा आणि स्क्रू त्या ठोकळ्यात पिळायचा. उपाय चांगला, पण खाच मोठी पडते आणि वेळ फार जातो. शिवाय पावसाळ्यात ओल पिऊन फुगलेला ठोकळा उन्हाळ्यात आकसतो आणि सैल होतो. (मातीच्या जाड भिंतीतल्या जुन्या खुंट्यांची गोष्ट वेगळी. त्या चांगल्या लांब असत.)

१९१०च्या सुमारास लंडनमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज या बांधकाम कंत्राटदाराकडे ब्रिटिश म्युझियमच्या इमारतीत विजेची उपकरणे भिंतींवर बसवण्याचे काम आले. अट अशी, की भिंती शक्य तितक्या कमी फोडायच्या. ठोकळ्यांसाठी खाचा पाडणे त्या अटीत बसणारे नव्हते. रॉलिंग्ज यांनी तागाच्या तंतूंची एक लहानशी नळी केली आणि चिकट पदार्थाने ती कडक केली. भिंतीत बारीक गोल भोक पाडायचे, त्यात नळी सरकवायची आणि नळीत स्क्रू पिळायचा. स्क्रू आत जाऊ लागला की नळी फुगते आणि तिचे तंतू भोकाच्या खडबडीत पृष्ठभागावर दाबले जातात. १९११ साली त्यांनी एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला. रॉलिंग्ज यांचा प्लग म्हणून नाव पडले रॉलप्लग. आपल्याकडचे सुतार व वायरमन ज्याला ‘रावल प्लग’ म्हणतात, त्या नावाचा उगम हा असा आहे. गंमत म्हणजे, त्या काळी जगातला बहुतेक सगळा ताग आपल्या बंगालमधून जात असे.

आता जर्मनीकडे वळू. आर्टुर फिशर हे टुमलिंगेन या खेड्यातल्या एका शिंप्याचे चिरंजीव. त्यांनी उमेदवारी केली ती कुलपे व लोखंडकाम करणाऱ्याकडे. १९५८ साली त्यांनी नायलॉनचा प्लग तयार केला. नायलॉन कुजत नाही आणि साच्यात घालून त्याला हवा तो आकार देता येतो. हा आकारच येथे महत्त्वाचा ठरला. फिशर यांचा प्लग पुढच्या बाजूने चिरलेला होता, म्हणून स्क्रू शिरताच त्याचे भाग एकमेकांपासून दूर ढकलले जात. अंगावर दाते होते. शिवाय बाजूला बाहेर आलेल्या लहान जिभा होत्या. या जिभा कशासाठी? स्क्रू पिळताना प्लगही त्याच्याबरोबर गरगर फिरू लागला तर स्क्रू आत जाणार नाही आणि प्लग फुगणार नाही. घरी ड्रिल वापरणाऱ्या कोणालाही विचारा, ही तक्रार तो लगेच ओळखेल. जिभा भोकाच्या भिंतीत रुततात आणि प्लगला फिरू देत नाहीत.

रॉलिंग्ज यांचा प्लग आधीच बाजारात असताना फिशर यांना पुन्हा प्लगचेच एकस्व कसे मिळाले, अशी शंका तुम्हांला येईल. येथे एकस्वाचे खरे मर्म आहे. एकस्व वस्तूच्या नावावर किंवा ‘भिंतीत काहीतरी फुगवावे’ या कल्पनेवर मिळत नाही. अर्जात शेवटी ‘दावे’ लिहावे लागतात. आधी ठाऊक असलेल्या वस्तूंपेक्षा आपल्या रचनेत नेमके वेगळे काय, हे त्या दाव्यांत सांगायचे असते. संरक्षण मिळते ते तेवढ्याच भागाला.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपली सेफ्टी पिन. वस्त्र अडकवायच्या स्प्रिंगच्या पिना रोमन काळातही होत्या. तरीही न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांना १० एप्रिल १८४९ रोजी अमेरिकेचे ६२८१ क्रमांकाचे एकस्व मिळाले. त्यांचा दावा असा, की तारेच्या एकाच तुकड्यातून पिन, स्प्रिंग आणि टोक अडकवायची पकड ही तिन्ही तयार केली आहेत. ‘एकाच तुकड्यातून’ हे शब्द दाव्यातून काढून टाका, आणि त्यात रोमन पिनेपेक्षा नवे फारसे उरत नाही. हंट यांनी हे एकस्व अवघ्या ४०० डॉलरना विकून टाकले. त्याआधी शिवणयंत्राच्या बाबतीत तर त्यांनी वेळेवर अर्जच केला नव्हता आणि ते एकस्व पुढे १८४६ साली इलायस हाउ यांना मिळाले. फिशर यांचे पाहा. त्यांच्या नावावर अकराशेहून अधिक एकस्वे व तत्सम नोंदी जमा झाल्या आणि प्लग ते स्वतःच्या कारखान्यात काढत राहिले. २०१६ साली ते वारले. हंट यांची बुद्धी फिशर यांच्याहून कमी होती असे मला मुळीच वाटत नाही.

भारतात १९७०चा एकस्व कायदा लागू आहे. शोध नवा हवा, जाणकार कारागिराला सहज सुचेल असा नको आणि उद्योगात उपयोगी पडणारा हवा. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. मग ती रचना सर्वांना खुली होते. म्हणूनच आज कोणीही नायलॉनचा साधा प्लग बनवू शकतो. महाराष्ट्र व गोव्यातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक मोलाची अट आहे. ठाऊक असलेली साधने नुसती शेजारी-शेजारी जोडली आणि प्रत्येक आपापले काम पूर्वीसारखेच स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध मानला जात नाही. कपड्यांच्या हुकाला घड्याळ चिकटवले, तर हुक हुकाचे काम करील आणि घड्याळ घड्याळाचे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत अशी यंत्रे पुष्कळ दिसतात!

प्रदर्शनाचा विषय निघाला म्हणून शिक्षकांसाठी एक सूचना. अर्ज करण्यापूर्वीच वस्तूची रचना लोकांसमोर उघड केली, तर तिचे नावीन्य गेले असे धरले जाऊ शकते. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना ठराविक सवलत आहे. शाळेचे स्नेहसंमेलन त्यात येत नाही. एखाद्या मुलाची रचना खरोखर नवी वाटली तर आधी तात्पुरते विवरण जोडून अर्ज करावा. पूर्ण विवरण त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यायचे असते.

आता थोडे गणित. भिंतीवरच्या फळीचा आधार तरफेसारखा खालच्या टोकावर टेकतो आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. वरचा स्क्रू खालच्या टोकापासून १५ सें.मी. उंच आहे आणि फळीवरचे १२ किलोग्रॅम वजन भिंतीपासून १० सें.मी. दूर आहे असे समजा. स्क्रूवरची ओढ १२ × १० ÷ १५, म्हणजे ८ किलोग्रॅम वजनाइतकी. तेच वजन २० सें.मी.वर, फळीच्या कडेला सरकवले की ओढ १६ किलोग्रॅमवर जाते! जड पुस्तके भिंतीलगत ठेवावीत ती याचसाठी. प्लगही नुसत्या गिलाव्यात न राहता विटेत पोचला पाहिजे.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. एका विटेला खालून दोन भोके पाडा. एकात नुसता स्क्रू बसवा, दुसऱ्यात प्लगसह. वीट दोन टेबलांवर आडवी टेकवून स्क्रूला बादली टांगा आणि एकेक लिटर पाणी ओता. प्रत्येक लिटरबरोबर वजन एक किलोग्रॅमने वाढेल. बादलीखाली पाय ठेवू नका, आणि ड्रिल शिक्षकांनीच चालवावे. दुसऱ्या प्रयोगाला नुसते कागद-पेन्सिल पुरे. कपडे वाळत घालायचा स्प्रिंगचा चिमटा समोर ठेवा आणि तो तुम्हीच प्रथम बनवला आहे अशा समजुतीने त्याचा दावा एका वाक्यात लिहा. मग ते वाक्य शेजाऱ्याला द्या. तुमचा दावा न मोडता चालेल असा दुसरा चिमटा त्याने काढून दाखवायचा आहे.