घराच्या अंगणात व्यायामशाळा

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुका हा धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि वनांचा प्रदेश आहे. पोलीस आणि वनरक्षक भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी येथील गावोगावी आढळतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. या तयारीसाठी पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावण्याची रीत रूढ आहे. परंतु ब्रह्मपुरी वनविभागातील या गावांभोवती वाघ, बिबट व अस्वल यांचा वावर असल्याने ती येथे जिवावर बेतू शकते. धावणे उजाडल्यावर, समूहाने व मोकळ्या मैदानावर व्हावे आणि बळ वाढविणारा उरलेला व्यायाम घराच्या अंगणात व्हावा, हा त्यावरील सुलभ उपाय होय. त्यासाठी महागड्या यंत्रांची आवश्यकता नाही.

परंपरेचा आधार

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युजेन सँडो यांची व्यायामसाधने मागवून अनेक वर्षे त्यांचा अभ्यास केला. पुढे मात्र ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचाच प्रसार त्यांनी आयुष्यभर केला. साधने विकत घेण्याचे सामर्थ्य असलेल्या राजाने सतरंजीएवढ्या जागेत होणारा व्यायाम निवडला, ही गोष्ट बोधप्रद आहे. विदर्भात १९१४ साली अमरावती येथे वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब ही या परंपरेची साधी साधने आहेत.

जागा व साहित्य

सुमारे दहा फूट लांब व आठ फूट रुंद, सपाट आणि मुरूम ठोकून सारवलेली जागा एका व्यक्तीस पुरते. जोर व बैठका यांना साहित्यच लागत नाही. वजनासाठी पाच लिटरचा मजबूत मुठीचा डबा घ्यावा. तो पाण्याने भरल्यास पाच किलो आणि कोरड्या वाळूने भरल्यास सुमारे साडेसात ते आठ किलो वजन होते. वाळू कमीअधिक करून वजन टप्प्याटप्प्याने वाढविता येते. मुद्गल गावातील सुताराकडून करून घ्यावे.

सिंगल बारसाठी दहा फुटांचे दोन लाकडी खांब अडीच ते तीन फूट खोल पुरून दगड-मुरमाने ठोकावेत व त्यांवर लोखंडी नळी पक्की बसवावी. आडव्या दांड्यासाठी बांबू वापरू नये. तो वाळल्यावर चिरतो आणि एकाएकी दगा देतो. खांबांसाठी वनातील लाकूड विनापरवाना तोडू नये. गोळा मात्र प्रमाणित वजनाचाच, म्हणजे पुरुषांसाठी ७.२६ किलो व महिलांसाठी ४ किलोचा असावा. उमेदवारांनी मिळून एक गोळा घेतल्यास खर्च विभागला जातो. त्याचा सराव अंगणात न करता मैदानावरच करावा.

व्यायामाचा क्रम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम करावा. प्रारंभी अंग मोकळे करावे, नंतर सूर्यनमस्कार, बैठका, जोर, वजन व शेवटी सिंगल बार असा क्रम ठेवावा. संख्या आठवड्यागणिक थोडी थोडी वाढवावी. शेतीच्या कष्टांनी व्यायाम आपोआप होतो, ही समजूत अपुरी आहे. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकल्याने कंबरेवर ताण येतो, परंतु खांदे व छाती यांना पुरेसे काम मिळत नाही. म्हणून रोवणी-कापणीच्या दिवसांत वजन उचलणे टाळून अंग ताणण्याचे हलके प्रकार करावेत.

विशेष दक्षता

पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. अतिश्रम, उष्णता आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे अशा रुग्णांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. १ जुलै २०२३ रोजी या विकाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. व्यायामास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक तरुणाने प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेल तपासणीबाबत विचारणा करावी आणि रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम करावा. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्यापूर्वीच व्यायाम आटोपावा व भरपूर पाणी प्यावे. व्यायाम करताना छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे.

पंचायत व शाळा यांचे कार्य

शाळेतील क्रीडाशिक्षकांनी जोर-बैठकांची शुद्ध पद्धत एकदा शिकविली, तर घरोघरी ती योग्य रीतीने होईल. ग्रामपंचायतीने धावण्यासाठी गावालगतचे मैदान झुडपे काढून स्वच्छ ठेवावे, तेथे दिवा लावावा आणि वन्यप्राण्यांच्या वावराची सूचना वनरक्षकाकडून वेळोवेळी घेऊन गावास कळवावी. दूर जाण्याची ज्यांना मुभा नाही अशा मुलींना अंगणातील व्यायामशाळेचा विशेष लाभ होईल. दोन खांब, एक नळी, वाळूचा डबा आणि नित्य अर्ध्या तासाचा नेम एवढ्या भांडवलावर उमेदवाराला भरतीची बरीचशी तयारी घरच्या घरी, सुरक्षितपणे करता येते.