पाळकाचे घर



आपल्याला आता वाचता येऊ लागले आहे. जोडाक्षर आले की अजून जीभ अडखळते. अडखळू द्या. आज मी तुम्हांला एका बाईंची हकिकत सांगतो. या बाई शाळेच्या बाकावर कधी बसल्या नाहीत. लग्न होऊन सासरी आल्या, तेव्हा कुठे अक्षराशी गाठ पडली. पण साठी उलटल्यावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. ते पुस्तक आज मराठीतल्या उत्तम पुस्तकांत मोजतात. त्या बाईंचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचे यजमान नारायण वामन टिळक हे कवी होते, आणि पुढे ख्रिस्ती पाळक झाले. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. उपासना चालवावी, लग्न लावावे, मयतीला जावे, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, ही त्याची कामे. या दोघांचा संसार पुष्कळ वर्षे आपल्याच जिल्ह्यात, नगरला आणि राहुरीला झाला. आज जिल्ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर आहे. जुनी माणसे अजून नगरच म्हणतात. मीही तसेच लिहितो.

पाळकाच्या घराची रीत

युरोपात पूर्वी धर्मगुरूने लग्न करू नये असा नियम होता. रोमन कॅथलिक पंथातले फादर आजही लग्न करीत नाहीत. जर्मनी देशात मार्टिन ल्यूथर नावाचा सुधारक झाला. तो आधी मठात राहणारा संन्यासी होता. १५२५ साली त्याने कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. तीही आधी मठातच राहत होती. एका जुन्या, रिकाम्या मठात त्यांनी संसार मांडला. ल्यूथर शिकवी आणि लिही. कॅथरिना शेत पाही, जनावरे पाळी, घरी राहायला आलेल्या विद्यार्थ्यांना जेवू घाली. तिच्या कष्टावर ते मोठे घर चालले.

१५२९ साली ल्यूथरने धर्माची एक लहानशी प्रश्नोत्तरी छापली. घरच्या कर्त्याने ती मुलांना आणि गडीमाणसांना शिकवावी, असा त्याचा हेतू. धर्म देवळात शिकायचा, तसा चुलीपाशीही शिकायचा. ल्यूथरच्या पंथात पाळकाच्या घराला ही रीत पडली. कोणीही यावे, भाकरी खावी, चार शब्द शिकावे, धीर घेऊन जावे.

नगरला मिशनरी आले ते ल्यूथरच्या पंथाचे नव्हते. १८३१ साली अमेरिकन मिशनचे लोक येथे आले. पंथ वेगळा होता, पण त्यांचे पाळकही संसारी असत, आणि पाळकाचे घर सर्वांना उघडे असावे ही रीत त्यांच्याकडेही होती. या मिशनने १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. मुलींसाठी शाळा काढल्या. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती. पुढे १८४८ साली त्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली. अशा या नगरला टिळक आले.

एका घरात दोन वाटा

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे जन्मल्या. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे फार कडक. अकराव्या वर्षी मुलीचे लग्न झाले. टिळक बुद्धीने तेज, मनाने उदार, पण स्वभावाने तापट. एका नोकरीत, एका गावात ठरत नसत. हाती पैसा आला की याला-त्याला देऊन टाकीत. उद्या चुलीवर काय चढवायचे, ही काळजी बायकोची.

मात्र एक गोष्ट त्यांनी केली. बायकोला अक्षर शिकवले. त्या काळी बायकांनी शिकणे लोकांना रुचत नसे. त्यात शिकवणारा तापट, आणि शिकणारीच्या मागे घरकाम. तरी अक्षर हाती लागले.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांना बायबल दिले. त्यांनी ते वाचले. येशूचे डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. त्या दिवसांत असा माणूस नातेवाइकांना मेल्यासारखा वाटे. कडेवरचे पोर दत्तू लहान. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, काही काळ पंढरपुरास होत्या. टिळकांची पत्रे येत. ती पत्रे त्यांना वाचता येत होती, हे ध्यानात घ्या. दुसऱ्या कोणाला वाचायला लावावी लागली नाहीत. नवरा-बायकोमधला धागा त्या अक्षरांनी तुटू दिला नाही.

पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या. पण आपला धर्म त्यांनी सोडला नाही. सोवळे-ओवळे पाळीतच राहिल्या. टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही. एरवी लहानशा कारणाने रागावणारा हा माणूस, पण या एका बाबतीत थांबून राहिला.

मग एकदा लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार आला. देवाने माणूस केला. मग या जाती कोणी केल्या? विचार पक्का झाला, आणि कोणाच्याही हातचे खायचे असे त्यांनी ठरवले. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घ्यावा की न घ्यावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला एवढेच सांगायचे आहे, की घरच्या माणसावर हुकूम चालवता येतो, पण हुकमाने मनात श्रद्धा उगवत नाही. बी पेरून रोज उकरून पाहिले तर ते उगवेल का? वाट पाहावी लागते.

घर भरलेले, काम चाललेले

टिळक नगरच्या मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. ओवी आणि अभंगाच्या चालीवर त्यांनी शेकडो भजने रचली. संत तुकारामांचे ऋण ते उघड मानीत. मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यांची भजने आजही गातात. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते.

पण या कामाला हात दोघांचे होते. घरी पोरकी मुले येत, विद्यार्थी येत, पाहुणे येत. टिळक त्यांना घरात आणीत. त्यांच्या पोटाला घालणे, आजारात उशाशी बसणे, हे लक्ष्मीबाई करीत. याच घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण कवी येऊन राहिला. त्यालाच आपण बालकवी म्हणतो. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात तो गेला.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे पगारी काम सोडले आणि साताऱ्यास बिऱ्हाड केले. पुन्हा एकदा घराची घडी विस्कटली. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

मुलाने आईच्या हाती लेखणी दिली

दत्तू आता देवदत्त टिळक झाला होता. वडिलांचे चरित्र लिहावे असे त्याच्या मनात आले. त्याने आईला सांगितले, तुझ्या आठवणी लिहून काढ. ज्यांना शुद्धलेखनाचे नियम कधी कोणी शिकवले नव्हते, त्या लक्ष्मीबाई लिहायला बसल्या. जसे बोलत, तसेच लिहीत. नवऱ्याचा राग लिहिला, स्वतःची फजिती लिहिली, उपास पडले तेही लिहिले. रडगाणे गायले नाही. वाचताना हसू येते, आणि हसता हसता डोळे भरतात.

१९३४ पासून हे लिखाण 'स्मृतिचित्रे' या नावाने पुस्तकरूपात येऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूचे काव्यचरित्र लिहायला घेतले होते. ते अर्धवट राहिले होते. त्याचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्याने अक्षर शिकवले, त्याचे अपुरे काम शिकणारीने पुढे नेले.

माझी एक चूक

मी शाळामास्तर. चाळीस वर्षे मुले शिकवली. निवृत्त झाल्यावर रात्रीचा वर्ग घेऊ लागलो. वर्गात एक आजी येत. दिवसभर खुरपणी करून येत, तरी चुकत नसत. एकदा त्यांनी पाटीवर स्वतःचे नाव चुकीचे लिहिले. तिसऱ्यांदा तीच चूक. मी सर्वांदेखत म्हणालो, "आजी, तुमच्यानं हे होणार नाही." आजी काही बोलल्या नाहीत. पाटी पुसली, पदराने हात पुसले आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

आठवडाभराने मी त्यांच्या दारी गेलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मास्तर, चूक माझी नव्हं का? पर तुमी बोललात त्ये खरं वाटलं मला."

ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसले आहे. माझे चार शब्द त्यांना खरे वाटले होते! त्या पुन्हा वर्गाला आल्या, हे माझे नशीब. आज त्या आपल्या नातीला पत्र लिहितात. जोडाक्षर अजून चुकते. नातीला ते वाचता येते.

या घरापासून काय घ्यावे?

टिळकांचे घर काही देवांचे घर नव्हते. तेथे भांडणे होती, अबोला होता, पैशाची ओढाताण होती. पण त्या घराने एकमेकांना धीर दिला. नवऱ्याने बायकोला अक्षर दिले. बायकोने नवऱ्याच्या कामाला हात दिला. मुलाने आईला लिहायला बसवले. आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणी कोणाचा हात पिरगाळला नाही.

आपल्या घरी पाळक नसेल, भटजी नसेल, मौलवी नसेल. धर्म कोणताही असो. आज घरी गेल्यावर एक करा. घरात जो मागे पडला असेल, सून असो, म्हातारा असो, नापास झालेला पोर असो, त्याच्याजवळ बसा. "तुला जमेल, मी आहे," एवढे म्हणा. आणि म्हटल्यावर खरोखर त्याच्यापाशी थांबा.

शब्दांचे अर्थ

पाळक – ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू.
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेश करण्याचा संस्कार.
प्रश्नोत्तरी – प्रश्न आणि उत्तरे असलेले पुस्तक.
देहावसान – मृत्यू.

सांगा पाहू

१. टिळकांची पत्रे लक्ष्मीबाईंना स्वतः वाचता आली नसती, तर काय झाले असते?
२. टिळकांनी कोणत्या बाबतीत जबरदस्ती केली नाही?
३. लक्ष्मीबाईंना आठवणी लिहायला कोणी सांगितले?
४. तुम्हांला शिकायला कोणी धीर दिला? त्यांच्याविषयी पाच ओळी लिहा. चुका झाल्या तरी चालतील. लिहून झाले की त्यांना वाचून दाखवा.