विद्युत नौका आणि किनाऱ्यावरील वीज

केरळ राज्यात वैकम ते तवणकडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ मध्ये ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौरनौका सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये कोची जलमेट्रोच्या ॲल्युमिनियम बांधणीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या नौकाही धावू लागल्या. डिझेलचा खर्च आणि धूर यांतून सुटका करणारी ही वाहने आहेत. मात्र ती जेट्टीला बांधून किनाऱ्यावरील विजेने बॅटऱ्या भारित करताना पाणी, धातू आणि वीज एकत्र येतात, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

सामान्यतः भीती वाटते ती बॅटरीची. ती अगदीच निराधार नाही. शिसे-आम्ल बॅटरी भारित होत असताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका असल्याने बॅटरीच्या कप्प्याला वरच्या बाजूस झरोका हवा. लिथियम बॅटरीतील नियंत्रक यंत्रणा वगळून चार्जर थेट जोडू नये. परंतु कमी लक्षात येणारा धोका बॅटरीच्या अलीकडे, केबलमध्ये असतो.

केबलमधील अर्थिंगची तार ही जीवरक्षक तार होय. नौकेच्या धातूच्या भागात वीज उतरल्यास ती या तारेने परतते आणि पुरवठा खंडित होतो. पण हीच तार नौकेचा तळ, शेजारच्या नौका व जेट्टीचे पोलादी खांब यांना एकमेकांशी जोडते. पाण्यात बुडालेले भिन्न धातू असे जोडले गेले की त्यांचा विद्युत घट बनतो आणि ॲल्युमिनियमसारखा धातू झिजू लागतो. तळाला खड्डे पडलेले पाहून कोणी ती तारच कापतो किंवा दोन पिनांचा प्लग लावतो. नौका वाचते, माणसाचे संरक्षण जाते.

त्यानंतर बिघाड झाला तर वीज पाण्यातून वाट शोधते. खारे पाणी मानवी शरीराहून अधिक वाहक असल्याने तेथे धोका कमी. गोड्या पाण्यात मात्र शरीर हाच सुलभ मार्ग ठरतो. अवघ्या १० ते २० मिलिअँपिअर प्रवाहाने स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. खाडीच्या वरच्या अंगाचे पाणी पावसाळ्यात गोडे होते, हे कोकणवासीयांना सांगावयास नको.

यावर खरा उपाय विलगक रोहित्राचा. त्यात किनाऱ्याची व नौकेची वेटोळी तारेने जोडलेली नसतात. ऊर्जा केवळ चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. त्यामुळे धातूची झीज थांबते आणि नौकेतील गळती पाण्यातून किनाऱ्याकडे धावत नाही. हे रोहित्र जड व महाग असते, हे खरे. लहान नौकेसाठी अर्थिंगच्या तारेत डायोडयुक्त अवरोधक बसवता येतो. तो झीज घडविणारा अल्प दाबाचा प्रवाह अडवितो, बिघाडाचा प्रवाह मात्र जाऊ देतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जेट्टीवर हवाच. रोहित्र असल्यास तो नौकेतही हवा, कारण रोहित्रापलीकडील गळती किनाऱ्यावरील आरसीसीबीला कळत नाही.

केबल जोडताना खटका बंद ठेवून प्रथम नौकेकडील टोक, मग किनाऱ्याकडील टोक बसवावे व नंतर खटका चालू करावा. काढताना क्रम उलटा. भरती-ओहोटीपुरती ढील ठेवावी, मात्र उरलेली केबल गुंडाळून ठेवू नये, ती तापते. भारण चालू असताना जेट्टीलगत मुलांना पोहू देऊ नये. पाण्यात कोणी आखडलेला दिसल्यास मागोमाग उडी न घेता आधी मुख्य खटका बंद करावा आणि दोर किंवा तरंगते कडे फेकावे.