भिंतीपलीकडचा धूर



काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक बाई मला भेटायला आल्या. बैठ्या चाळीतली खोली, मधली भिंत सामाईक आणि तीही पत्र्यापर्यंत न पोचलेली. शेजारचे काका रात्री बिडी ओढत आणि वरच्या फटीतून धूर यांच्या घरात येई. मुलाला दमा. "फादर, तुम्हीच प्रवचनात बोला," त्या म्हणाल्या. मी बोललो. नाव घेतले नाही, पण अख्ख्या चाळीला कळले. काकांनी मिस्साला येणे सोडले, बिडी सोडली नाही.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात, 18 व्या अध्यायात, प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात बोलावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, मग मंडळीला सांगावे. मी सुरुवातच शेवटच्या पायरीपासून केली होती.

"माझ्या घरात मी काहीही करीन" हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 साली व्यक्तिस्वातंत्र्याचा जोरदार कैवार घेतला, पण दुसऱ्याला इजा होते तिथे त्याची सीमा आखली. (सेमिनरीत आम्ही यावर तासन्तास वाद घालत असू.) मग शेजाऱ्याच्या धुराने इजा होते का? होते. 1981 साली जपानचे डॉ. हिरायामा यांनी दाखवून दिले की, नवरा सिगारेट ओढत असेल तर स्वतः कधीही न ओढणाऱ्या बायकोलाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा 2006 चा अहवाल सांगतो की, अशा धुराचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. खिडक्या उघडून तो पुरता जात नाही.

आपल्याकडचा 2003 चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी करतो. राहत्या खोलीपर्यंत तो पोचत नाही. म्हणून बोलणे आलेच. पण तंबाखू वाईट असते हे शेजाऱ्याला सांगू नका, ते त्याला ठाऊक आहे. रात्री किती वाजता मुलाला खोकल्याची उबळ येते ते सांगा, आणि नेमके काय हवे ते मागा.

शेवटी मीच काकांकडे गेलो, माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, पोराला दमा आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

त्या रात्रीपासून ते बिडी घेऊन बाहेर ओट्यावर बसू लागले. फट पुढच्या महिन्यात बुजवली. खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा केला.