सॉफ्टबॉलमधील फटक्याची ताकद : मुलींसाठी काही मूलतत्त्वे

बी. ए. द्वितीय वर्ष

खेळ म्हटला की आपल्या भागात क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो ही तीन नावे प्रथम निघतात. सॉफ्टबॉलचे नाव निघते ते बहुधा शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक फलकावर लागते तेव्हाच. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलींच्या गटांत हा खेळ खेळला जातो आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी संघ पुढे जातात. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील मुलीही त्यात उतरतात. परंतु या खेळाविषयी मराठीत वाचायला फारसे मिळत नाही. महाविद्यालयाच्या संघात खेळताना सरांकडून जे शिकले आणि नंतर वाचून जे समजले, ते माझ्या मैत्रिणींपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. जॉर्ज हॅनकॉक या गृहस्थाने बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि एका काठीने तो टोलवत बंद सभागृहात हा खेळ मांडला. आजचा चेंडू मात्र नावाप्रमाणे मऊ नाही. त्याचा परीघ सुमारे ३० सेंटिमीटर व वजन १७८ ते १९८ ग्रॅम असते आणि तो लागला तर चांगलाच लागतो. प्रत्येक संघात नऊ खेळाडू, सात डाव, चार बेस आणि दोन बेसमधील अंतर ६० फूट, असे या खेळाचे ढोबळ स्वरूप आहे. १९९६ साली अटलांटा येथे महिलांचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये आला. २००८ नंतर तो वगळला गेला, टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) परतला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी त्याचा पुन्हा समावेश झाला आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. मुलगी बॅट घेऊन उभी राहिली की क्षेत्ररक्षक चार पावले पुढे सरकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. बाहेरूनही कोणीतरी ओरडतो, ‘आत या रे, मुलगी आहे!’ आपल्याच संघातून सल्ला मिळतो, ‘मारायच्या भानगडीत पडू नकोस, बंट कर आणि पळ.’ बॅट स्थिर धरून चेंडू पुढ्यातच पाडणे म्हणजे बंट. ती एक उपयुक्त कला आहे, तिला माझा विरोध नाही. परंतु मुलीला तेवढेच जमेल असे गृहीत धरून शिकवणे हे चुकीचे आहे, आणि केवळ अन्याय म्हणून नव्हे, तर शास्त्रदृष्ट्याही चुकीचे आहे. फटक्याची ताकद दंडाच्या जाडीवर फारच थोडी अवलंबून असते.

१. ताकद येते कोठून?

आपल्याकडे ज्वारीच्या राखणीला गोफण वापरतात. माळ्यावर उभी असलेली एखादी किरकोळ अंगाची बाई गोफणीने दगड असा भिरकावते की शेताच्या दुसऱ्या टोकाची पाखरे उडतात. तोच दगड नुसत्या हाताने फेकला तर निम्म्या वाटेवर पडेल. गोफणीत ताकद वाढत नाही, वेग वाढतो. बॅटचेही तसेच आहे.

शाळेत शिकलेले सूत्र येथे आठवावे. गतिमान वस्तूची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८०० ग्रॅमची बॅट सेकंदाला २० मीटर वेगाने फिरली तर तिच्यात सुमारे १६० ज्यूल ऊर्जा असते. वेग तोच ठेवून वजन दहा टक्क्यांनी वाढवले, तर ऊर्जा १७६ ज्यूल होईल. वजन तेच ठेवून वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर ती सुमारे १९४ ज्यूल होईल. पहिल्यात वाढ दहा टक्के, दुसऱ्यात एकवीस टक्के. हा हिशेब ढोबळ आहे, पण तात्पर्य स्पष्ट आहे : जड बॅट उचलण्यापेक्षा बॅट वेगाने फिरवायला शिकणे अधिक फायद्याचे.

२. अर्ध्या सेकंदाचा हिशेब

महिलांच्या खेळात पिचरची जागा होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर असते. पिचर चेंडू सोडताना पुढे झेप घेते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साधारण ११ मीटरच अंतर कापावे लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदात कापतो. क्रिकेटमध्ये ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूलाही फलंदाजापर्यंत पोचायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजे खालून हात फिरवून टाकलेला हा चेंडू दिसतो तेवढा सोपा नसतो.

या अर्ध्या सेकंदात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट फिरवायची. ज्या मुलीची बॅट लवकर फिरते तिला पाहायला अधिक वेळ मिळतो. बॅटच्या वेगाचा हा दुसरा फायदा. उशिरा फिरणारी बॅट कितीही जोरात असली तरी चेंडू कॅचरच्या हातात गेलेला असतो.

३. जमिनीपासून बॅटपर्यंत

भारा उचलताना घरची मोठी माणसे आपल्याला सांगतात की कंबर वाकवून उठू नकोस, पायांवर उठ. सॉफ्टबॉलचे पहिले सूत्र हेच आहे. शरीरातील मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत असतात. जोर तेथे निर्माण होतो आणि क्रमाक्रमाने कंबर, धड, खांदे, हात व शेवटी बॅट असा वर चढत जातो. पुढील टप्पे उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीसाठी दिले आहेत. डावखुऱ्या मुलीने बाजू बदलून वाचावे.

उभे राहणे : पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक फाकवून, गुडघे किंचित वाकवून, भार चवड्यांवर ठेवावा. बॅट तळहातात रुतवून न धरता बोटांत धरावी. दार वाजवताना जी बोटांची पेरे वापरतो, ती दोन्ही हातांची पेरे साधारण एका रेषेत यावीत. बॅट आवळून धरली की मनगट ताठ होते आणि वेग मरतो.

भार मागे घेणे : पिचरचा हात फिरू लागला की भार हळूच मागच्या, म्हणजे उजव्या पायावर घ्यावा. हात किंचित मागे जातात. विटीदांडू खेळताना दांडू मागे नेल्याशिवाय आपण विटी टोलवत नाही, तसेच हे.

पाऊल : डावा पाय पिचरच्या दिशेने थोडासाच, वीतभर पुढे पडतो. तो अलगद पडावा. लांब ढांग टाकली की डोके खाली जाते आणि चेंडूवरची नजर हलते.

कंबर आधी, खांदे मागून : हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच आपल्याकडे कोणी शिकवत नाही. डावी टाच टेकताच उजवा पाय चवड्यावर वळतो, गुडघा आत येतो आणि कंबर पिचरकडे फिरते. त्या क्षणी खांदे आणि हात मात्र अजून मागेच असतात. ओले लुगडे पिळताना एक टोक धरून दुसरे फिरवावे तसा पीळ पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना बसतो. हा पीळ सुटतो तेव्हा खांदे आणि हात आपोआप वेगाने पुढे येतात. कंबर व खांदे एकदमच फिरले तर पीळ पडत नाही आणि उरतो तो केवळ हातांचा जोर. ‘मुलींचा फटका’ म्हणून ज्याला हसतात तो बहुतेक वेळा असा पीळ नसलेला फटका असतो. तो मुलगाही मारू शकतो आणि मारतोही.

पुढचा पाय : चेंडूला बॅट लागताना डावा पाय ताठ, घट्ट रोवलेला हवा. धावती बैलगाडी दगडाला अडली की गाडीतील माणूस पुढे फेकला जातो. त्याचप्रमाणे पुढचा पाय अडसर झाला की खालचा वेग वर जातो.

चेंडू आणि बॅटची भेट : ही भेट साधारण एक सहस्रांश सेकंद टिकते. बॅटच्या टोकापासून सुमारे पाच ते सात इंचांच्या पट्ट्यात चेंडू लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू सर्वांत जोरात जातो. अंगाजवळचा चेंडू शरीराच्या थोडा पुढे गाठावा, बाहेरचा चेंडू थोडा अधिक आत येऊ द्यावा. फटका लागल्यावर बॅट थांबवू नये, ती पूर्ण फिरू द्यावी. थांबवण्याची तयारी शरीर आधीच सुरू करते आणि वेग कमी होतो.

४. बॅट कशी निवडावी?

शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडा साहित्यात एक-दोनच बॅट असतात आणि सर्वांना त्याच वापराव्या लागतात. अशा वेळी एक सोपी कसोटी आहे. बॅटची मूठ एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ ठेवावा. पंधरा-वीस सेकंदांत हात थरथरू लागला तर ती बॅट आपल्याला जड आहे. दुसरी बॅट नसेल तर मुठीच्या टोकापासून दोन बोटे वर पकडावी. पल्ला थोडा कमी होतो, पण बॅट लवकर फिरते. फलंदाजीला जाण्यापूर्वी बॅटला वजन अडकवून फिरवण्याची पद्धतही आहे. त्यामुळे नंतर बॅट हलकी वाटते हे खरे, परंतु लगेच नंतरचा प्रत्यक्ष वेग वाढण्याऐवजी कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे.

५. कमी साधनांत सराव

पैसे नाहीत म्हणून सराव थांबत नाही. निंबाच्या फांदीला मोटारसायकलचा जुना टायर कंबरेच्या उंचीवर टांगावा आणि त्यावर पायापासून क्रम सांभाळत फटके मारावेत. लाकडी खुंटीवर जाड रबरी नळी बसवली की चेंडू ठेवायला स्टँड तयार होते. चिंध्यांचे चेंडू करून मैत्रिणीने बाजूने हलकेच उडवायचे आणि आपण ते समोरच्या भिंतीवर मारायचे, म्हणजे चेंडू शोधण्यात वेळ जात नाही. पिशवीत दोन किलो वाळू भरून ती कंबर फिरवून बाजूला फेकण्याचा व्यायाम पिळाची सवय लावतो. बैठका आणि दोरीवरच्या उड्या तर घराच्या अंगणातही होतात.

फटके मोजके पण पूर्ण वेगाने मारावेत. दमल्यावर मारलेले शंभर फटके शरीराला संथ फटकाच शिकवतात. पंचवीस-तीस चांगले फटके, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीन-चार दिवस, एवढे पुरेसे आहे. आपल्या काळ्या मातीचीही काळजी घ्यावी. पावसाळ्यात मागचा पाय घसरतो, उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. जेथे उभे राहायचे तेवढ्या जागेवर मुरूम टाकून धुमसून घेतला तरी काम भागते.

६. पोटाचा प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. याचा अर्थ कोणत्याही नऊ मुलींच्या संघात सरासरीने पाच मुली अशा असतात. त्यांना लवकर दम लागतो आणि दोष मात्र त्यांच्या आळसाला दिला जातो. हरभरे, मटकी, पालेभाज्या व त्यांवर लिंबू, शेंगदाणे, गूळ आणि चालत असल्यास अंडी, हे सर्व आपल्या गावांत मिळते. शाळेत आठवड्याला दिली जाणारी लोहाची गोळी मुली पुष्कळदा टाकून देतात; ती टाकू नये. सकाळी उपाशीपोटी सरावाला येणाऱ्या मुलीला पीळ आणि वेग शिकवून काय उपयोग?

७. साखळी स्पर्धेची गरज

एवढे सर्व शिकूनही एक अडचण उरते. शालेय सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. सात डावांत एका संघाच्या एकवीस खेळाडू बाद होतात, म्हणजे नऊ जणींना प्रत्येकी दोन-तीन वेळाच बॅट हाती मिळते. पहिलाच सामना हरलेल्या मुलीचे वर्ष तेथेच संपते. वर्षातून तीन वेळा बॅट धरून कोणाला फटका येईल?

अमेरिकेत १९७४ साली लहान मुलींसाठी लिटल लीग सॉफ्टबॉल सुरू झाले. वस्ती-वस्तीचे संघ एका हंगामात एकमेकींशी अनेक सामने खेळतात. हरलेल्या मुलीला पुढच्या आठवड्यात पुन्हा बॅट मिळते. तेथील मुलींच्या फटक्यांचे रहस्य त्यांच्या उंचीपेक्षा या संधींत अधिक आहे, असे मला वाटते. जपानच्या महिलांनी २००८ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात याच अमेरिकेला ३-१ असे हरवले आणि त्यात एरी यामादा हिने होमरन मारला, हेही येथे लक्षात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा मुलींचा एक संघ केला आणि प्रत्येकाने इतर चारांशी सामना खेळला, तर एकूण दहा सामने होतात. दर रविवारी दोन सामने घेतले तर पाच रविवार लागतात. सुगीचे आणि परीक्षेचे दिवस टाळले तर हे अशक्य नाही. प्रत्येक मुलीला दोन-तीनऐवजी दहा-बारा वेळा बॅट मिळेल. खर्च एस.टी.च्या भाड्याचा आणि काही चेंडूंचा. आपल्या महाविद्यालयांनी पंच आणि मैदान दिले तरी सुरुवात होऊ शकेल. प्राध्यापकवर्गाने आणि क्रीडा विभागाने याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

समारोप

फटक्याची ताकद ही जन्मतः मिळालेली देणगी नसून पाय, कंबर, खांदे आणि हात यांच्या योग्य क्रमाची सवय आहे, आणि सवय लागायला पोटभर अन्न व पुरेशी संधी लागते. क्रम मुली स्वतः शिकू शकतात. अन्न आणि संधी मात्र घराने, शाळेने व समाजाने द्यायची आहे. मैत्रिणींनो, बंट अवश्य शिका, पण तेवढ्यावर थांबू नका. टायर टांगा, चिंध्यांचे चेंडू शिवा आणि पूर्ण वेगाने बॅट फिरवा. आत सरकलेले क्षेत्ररक्षक एका चांगल्या फटक्यानंतर आपणहून मागे जातात.