तिकिटाच्या आधी नगरपालिका

चि. बाळ,

लातूर कोर्टात जम बसू लागला आणि लगेच तुला विधानसभेचं तिकीट खुणावतंय, असं कळलं. तिकीट जरूर माग. पण त्याआधी आपल्याच भागातले वकील तिथवर कोणत्या वाटेनं गेले, ते बघ.

शंकरराव चव्हाण उस्मानिया विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी वकिलीवर पाणी सोडलं. निजाम गेल्यावर मोठं पद लगेच पदरात पडलं नाही. १९५२ ते ५६ ते नांदेडचे नगराध्यक्ष होते. म्हणजे नळ, गटारं, दिवाबत्ती. मग उपमंत्री झाले, पुढे पाटबंधारे खातं आलं. त्यांच्या जन्मगावी, पैठणला, जायकवाडी धरण झालं आणि १९७६ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा मुख्यमंत्रीही तेच होते. लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत; त्यात कौतुक किती आणि धास्ती किती, हे अधिकाऱ्यांनाच ठाऊक!

शिवराज पाटील चाकूरकरांचंही तेच. ते १९६७ला लातूरचे नगराध्यक्ष, १९७३ला आमदार, नंतर विधानसभेचे आणि १९९१ला लोकसभेचे अध्यक्ष. विलासराव देशमुख पुण्याहून कायदा शिकून आले ते बाभळगावचे सरपंच झाले. आमदारकी १९८०ला, मुख्यमंत्रिपद १९९९ला. मधे १९९५ला लातूरकरांनी त्यांना घरी बसवलं होतं.

पण पद मिळणं वेगळं, टिकणं वेगळं. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकरही वकीलच. १९८५ला मुख्यमंत्री झाले. मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि १९८६ला राजीनामा द्यावा लागला. वकिलाची खुर्ची कोर्टानंच हलवली. त्यांच्या जागी आले ते नांदेडचे शंकरराव.

आमदार झाल्यावर वकिली बुडेल, ही तुझी धास्ती मात्र काढून टाक. आमदार-खासदारांनी वकिली करायला हरकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ला स्पष्ट केलंय.

आता सुरुवात कुठून करायची, ते सांगतो. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा माणसांना नळाला पाणी कधी येणार, एवढंच विचारायचं होतं. म्हणून आधी महापालिकेचा प्रभाग लढव. तुझ्या प्रभागात कुठल्या टाकीचं पाणी येतं, जलवाहिनी कुठं फुटते, अर्थसंकल्पात तिच्या दुरुस्तीला किती तरतूद आहे, हे कागद मागवून वाच. नाही दिले तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला तुला दुसरा वकील लागणार नाही.

तुझा काका