परवानगी टॉवरची, निर्णय तुझा

चि. सायली,

गोंदियाला आता तू एकटीने विमान उतरवू लागशील, म्हणून हे लिहितो. टॉवरने ‘क्लिअर्ड टू लँड’ म्हटलं की आता उतरायचंच, असं मन धरून बसतं. तिथेच सावध राहा. ती परवानगी आहे. तिच्यात हुकूम नाही आणि हमीही नाही. नियंत्रक धावपट्टी आणि आसपासची विमानं सांभाळतो, पण तुझं विमान उतरण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे कॉकपिटमध्येच कळतं. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान अपघातात १५८ माणसं गेली, त्या विमानालाही रीतसर परवानगी होती. ते फार उंचावरून येत होतं. सहवैमानिकाने तीनदा ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चल, म्हटलं, तरी कॅप्टनने रेटलं. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा ५,२०० फूट मागे पडले होते.

कधी परवानगीच चुकलेली असते. ४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये दाट धुकं होतं. फेडएक्सच्या मालवाहू विमानाला उतरण्याची परवानगी दिल्यावर नियंत्रकाने त्याच धावपट्टीवरून साउथवेस्टच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. फेडएक्सने पुन्हा विचारून खात्री केली. उत्तर तेच आलं. तरीही त्यांची नजर धावपट्टीवरून हटली नाही. पुढचं विमान दिसताच ते वर गेले. दोन्ही विमानांत २०० फुटांहूनही कमी अंतर उरलं होतं.

तू म्हणशील, प्रत्येकाने आपल्या मनाने वागायचं तर शिस्त कुठे राहिली? शंका रास्त आहे. रनवे, क्रम, उंची यांत टॉवरचा शब्द पाळायचा, अक्षर न् अक्षर परत वाचून दाखवायचा. टॉवरने ‘गो-अराउंड’ सांगितलं तर वाद नको. मात्र आपणहून वर जायला कुणाची पूर्वपरवानगी लागत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी विमानाबाबतचा अंतिम अधिकार कॅप्टनलाच दिला आहे, आणि त्याबरोबर जबाबदारीही. इंधन जळेल, मागची विमानं खोळंबतील, हे खरं. पण पुन्हा फेरी मारण्याइतकं इंधन घेऊनच तर आपण निघतो.

तेव्हा ५०० फुटांवर वेग, उतरण्याचा दर आणि धावपट्टीची रेषा बघ. एक जरी बसत नसेल तर पॉवर दे, वर जा आणि मग टॉवरला सांग.

तुझा,
काका